मिसाका यांना निक्सने वंशद्वेषापायी काढले का?

जपानी वंशाचे अमेरिकी बास्केटबॉलपटू वातारू मिसाका यांच्याविषयी एक मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो. त्याचा आशय असा: स्थानबद्धता छावणीतून सुटलेला हा तरुण १९४७ मध्ये न्यूयॉर्क निक्स संघात आला, तीन सामन्यांनंतर वंशद्वेषापायी हाकलला गेला आणि निक्स ज्या लीगमध्ये खेळत ती त्या वेळी एनबीए (अमेरिकेची प्रमुख व्यावसायिक बास्केटबॉल लीग) नव्हतीच, सबब एनबीएचा पहिला गौरेतर खेळाडू १९५० मधलाच.

यातील छावणीचा मुद्दा सरळ चुकीचा आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानशी लढताना अमेरिकी सरकारने काढलेल्या १९४२ च्या आदेशानुसार स्थानबद्धता झाली ती मुख्यतः पश्चिम किनारपट्टीवरील जपानी-अमेरिकींची; मिसाका यांचे जन्मगाव ऑग्डेन हे यूटा राज्यात, म्हणजे त्या पट्ट्याबाहेर होते. त्याच राज्यातील टोपाझ येथील छावणीत हजारो जण काटेरी तारांमागे असताना मिसाका मात्र यूटा विद्यापीठाकडून खेळत होते, ही विसंगती खरे तर रचलेल्या कथेपेक्षा अधिक बोचणारी आहे.

वंशद्वेषाच्या मुद्द्यावर जपून बोलावे लागते, कारण युद्धानंतरच्या अमेरिकेत तो होताच, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु निक्सने आपल्याला काढले त्यामागे वंश हे कारण होते, असे स्वतः मिसाका मानत नसत. संघात गार्ड (चेंडू पुढे नेणारे, बहुधा कमी उंचीचे खेळाडू) जास्त झाले होते, एवढेच ते सांगत. ज्याच्यावर अन्याय झाला असे आपण म्हणतो, त्याची साक्ष डावलायची असेल, तर तितकाच भक्कम पुरावा हवा आणि फिरणाऱ्या मजकुरात तो कोठेही नाही. तीन सामन्यांत सात गुण आणि उंची ५ फूट ७ इंच, हा तपशील मात्र त्यात सोयीस्करपणे गाळलेला असतो.

गाळलेली आणखी एक गोष्ट म्हणजे त्यांचा मुळातला खेळ. १९४४ मध्ये यूटाने डार्टमथ महाविद्यालयाच्या संघाला जादा वेळेत ४२-४० असे हरवून राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद मिळवले, त्या संघात मिसाका होते. पुढे दोन वर्षे लष्करात, त्यातही हिरोशिमात काम करून परतल्यावर, १९४७ च्या एनआयटी या महाविद्यालयीन संघांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांनी केंटकी विद्यापीठाच्या राल्फ बियर्डला अवघ्या एका गुणावर रोखले आणि यूटाने तो सामना ४९-४५ असा जिंकला. हे दोन्ही सामने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर झाले. निक्सने त्यांना निवडले ते या खेळानंतर, दयेपोटी नव्हे.

राहिला नावाचा वाद. निक्स ज्या बीएए लीगमध्ये खेळत, तिचेच १९४९ मध्ये एनबीएल या लीगशी विलीनीकरण होऊन एनबीए झाली आणि एनबीए आपला इतिहास १९४६ पासूनच मोजते. १९५० मध्ये अर्ल लॉइड मैदानात उतरले ते एनबीएचे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून, आणि तो मान त्यांचाच; पहिले गौरेतर खेळाडू मात्र मिसाका.

निक्समधून बाहेर पडल्यावर हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या प्रदर्शनी सामने खेळणाऱ्या संघाकडून आलेले बोलावणे नाकारून ते अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण करण्यासाठी यूटाला परतले आणि पुढे अभियंता म्हणून नोकरी करीत राहिले.