अर्ध्या तासाचं काम

विंडोजच्या जागी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकायला अर्धा तास लागतो, असं जो तो सांगतो. खरंच तेवढाच लागतो. त्यानंतरचं मात्र कोणी बोलत नाही.

आमच्या सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर विंडोज १० वर चालायचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचा नेहमीचा पाठिंबा संपला, आणि ११ पेलायला हे मशीन लायक नाही असं कळलं. नव्या मशीनचा विषय मी कमिटीपुढे मांडला. आमच्याकडे खर्चाचा विषय निघाला की चहा येतो, आणि चहा संपला की विषय पुढच्या मीटिंगला जातो. मी म्हटलं, मग लिनक्स टाकू, फुकट असतं. ठराव एकमताने मंजूर! लिफ्टमध्ये आरसा बसवल्यानंतर आमचं एकमत झालेला हा पहिलाच विषय.

अंमलबजावणी अर्थातच सेक्रेटरीकडे, म्हणजे माझ्याकडे. काम एकच होतं, वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस टाइप करायची. सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि नोटीस त्याआधी पूर्ण १४ दिवस बोर्डावर झळकावी लागते. हाताशी भरपूर वेळ होता. लिनक्सवाल्या माणसाच्या हाती भरपूर वेळ कधी देऊ नये.

मी टाकलेली लिनक्सची आवृत्ती, उबुंटू २४.०४, सुरू झाली की डाव्या कडेला आयकॉनची उभी पट्टी दिसते. ती सेटिंगमधून खाली आणता येते. आणली. खाली आल्यावर तिचा रंग वॉलपेपरला शोभेना. रंग बदलायचा तर थीम हवी, थीमसाठी ट्वीक्स नावाचं सॉफ्टवेअर हवं, ट्वीक्ससाठी टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडायला हवं. टर्मिनल उघडलं तर ते पारदर्शक करता येतं असं कळलं. मग पारदर्शक टर्मिनलच्या मागे काहीतरी बघण्यासारखं नको का? हरिश्चंद्रगडावरचा कोकणकडा लावला. कडा काय सुरेख दिसायला लागला! टर्मिनलमधली अक्षरं तेवढी दिसेनात.

शिवाय एक एक्स्टेन्शन, म्हणजे वरून जोडायचा तुकडा, असं निघालं, की पडद्यावरची खिडकी माउसने ओढली की ती थलथलत जाते. याचा उपयोग काय, असं बायकोने विचारलं. मी खिडकी पुन्हा थलथलवून दाखवली.

१९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने जाहीर केलं होतं, की मी एक ऑपरेटिंग सिस्टीम करतोय, नुसती हौस म्हणून, मोठं असं काही होणार नाही. तीच ही लिनक्स. हौसेला मोल नसतं. म्हणूनच तर ती फुकट मिळते.

टर्मिनलमध्ये महत्त्वाचं काही करायचं तर आधी 'सुडो' (म्हणजे मालकाच्या अधिकाराने कर) म्हणायचं, मग पासवर्ड द्यायचा. हा पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीही उमटत नाही. अक्षरं नाहीत, ठिपके नाहीत. सुरक्षेच्या दृष्टीने उत्तम. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला पासवर्डची लांबीसुद्धा कळू नये. पण एका रात्री बरोबर पासवर्ड देऊनही 'सॉरी, ट्राय अगेन' येत राहिलं. कीबोर्ड बदलला, केबल हलवली, प्लग काढून फुंकर मारली. बऱ्याच वेळाने वर कोपऱ्यात 'म' दिसला. म्हणजे इतका वेळ मी सुडोला मराठीत पासवर्ड देत होतो आणि तो बिचारा इंग्रजीत माफी मागत होता.

मराठीचा हा संसार मी हौसेने मांडला होता, कारण नोटीस मराठीत काढायची होती. मागच्या वर्षीची उघडून तारखा बदलल्या असत्या, पण ती युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या मशीनना कळणाऱ्या अक्षरांच्या, आधीच्या कुठल्याशा फॉन्टमध्ये होती. तो फॉन्ट या मशीनवर नसल्यामुळे 'सर्व सन्माननीय सभासद' यांच्या जागी डॉलर, कंस आणि उद्गारचिन्हं रांगेत उभी होती. (दोन-तीन सभासदांच्या बाबतीत ते चुकीचंही म्हणता येणार नाही.) तेव्हा सगळं नव्याने टाइप करणं आलं.

मी इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड घेतला. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला, त्यामुळे दोन्ही हात सारखे राबतात. अडलं ते विषयपत्रिकेतल्या पाचव्या विषयावर, 'तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांची दुरुस्ती'. साधा र घेऊन पुढे गेलो की त्याचा रफार होऊन य च्या डोक्यावर चढतो आणि पायरीचा पार सूर्य होतो. 'ऱ्या'साठी शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग ई. एकदा हाताला सवय झाल्यावर मी ऱ्या टाइप करायची संधीच शोधू लागलो. नोटिशीत चोऱ्या, वाऱ्या, भाकऱ्या असलं काहीबाही येऊ नये म्हणून स्वतःला आवरलं.

छापायच्या आधी पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांना दाखवली. सरांनी चष्मा कपाळावर सरकवून कॉम्प्युटरला नाक लावलं.

"हा ल आपला नाही."

"म्हणजे, सर?"

"हा हिंदीतला. आपला ल पाकळीचा आणि श देठाचा. २००९ चा शासन निर्णय आहे."

बघतो तर खरंच. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण मजकूर मराठी आहे हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं, नाहीतर तो हिंदीच धरून चालतो. नोटीस ज्यात टाइप केली त्या लिब्रेऑफिसच्या सेटिंगमध्ये खोलवर जाऊन भाषा मराठी केली आणि पानभर लकारांना एकदम पाकळ्या फुटल्या. सर म्हणाले, "आता वाचतो." त्याआधी त्यांनी एक अक्षर वाचलं नव्हतं.

मशीनवर जुनी सिस्टीम, म्हणजे विंडोजही, ठेवावी लागली होती, कारण खजिनदारांचं हिशोबाचं सॉफ्टवेअर तिथेच चालतं. त्यातून घड्याळाचं त्रांगडं उभं राहिलं. लिनक्स मशीनच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहून ठेवते आणि दाखवताना साडेपाच तास मिळवते. दुसरी सिस्टीम त्या घड्याळात स्थानिक वेळच असणार असं धरून चालते. दोघींचं आपापल्या जागी बरोबर. मात्र रात्री नऊला दिलेल्या मेंटेनन्सच्या पावतीवर दुपारचे साडेतीन छापून यायला लागले. आमचं ऑफिस दुपारी बंद असतं. दुपारी आत बसून पैसे कोण घेतं, याची चौकशी व्हावी असा लेखी अर्ज आला. टाइमडेटसीटीएल नावाची एक कमांड दिली आणि चौकशी मिटली. अर्ज मात्र दप्तरी आहे.

प्रिंटरला मी सगळ्यात जास्त घाबरून होतो. त्याच्यासाठी अख्खा रविवार मोकळा ठेवला, थर्मासमध्ये चहा भरून नेला. केबल लावली, तर तो आपोआप यादीत येऊन बसला आणि नोटीस छापून मोकळा झाला. आता त्या चहाचं काय करायचं?

तेवढ्यात खजिनदार आले. मी त्यांना कप दिला, कोकणकडा दाखवला, खिडकी थलथलवली.

"ते सगळं ठीक आहे, पण स्टार्ट कुठंय?"

पुढचा आठवडा मी त्यांच्या सोयीत घालवला. डॅश टू पॅनल नावाच्या एक्स्टेन्शनने पट्टी जशी हवी तशी केली, आर्कमेनू नावाच्या दुसऱ्याने डाव्या कोपऱ्यात स्टार्टसारखं बटण बसवलं. कोकणकडा काढून साधा निळा रंग लावला. थलथल बंद केली. 'मेंटेनन्स नवीन फायनल २' हे फोल्डर होतं तिथे, वरून तिसरं, आणून ठेवलं.

खजिनदार बसले, डाव्या कोपऱ्यात क्लिक केलं, फोल्डर उघडलं आणि समाधानाने माझ्याकडे वळले.

"बघा, झालं की नाही पहिल्यासारखं? मी तेव्हाच म्हणत होतो, नुसता फॉरमॅट मारा."