'बॉम्बे' मांजर मुंबईचे नाही, बिबट्याचे तर मुळीच नाही

नाशिकच्या इंदिरानगरला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने परवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर फिरणारा एक संदेश मला पाठवला आणि खाली लिहिले, "ताई, हे पिल्लू घेऊ का? १५,००० सांगताहेत, निम्मे आजच द्यायचे आहेत." त्या संदेशातील दावे असे : बॉम्बे कॅट ही मुंबईची अस्सल जात असून इंग्रजांच्या काळात काळा बिबट्या आणि पाळीव मांजर यांच्या संकरातून ती निर्माण झाली, अंगभर काळे आणि पिवळ्या डोळ्यांचे कोणतेही पिल्लू याच वंशाचे असते, ते दूधभातावर उत्तम वाढते, रक्त देशी असल्याने त्याला लस लागत नाही, आणि बिबट्याचे बछडेही लहानपणापासून सांभाळले तर असेच माणसाळते. हाच मजकूर मला याआधी आणखी दोघांकडून आला होता. आता तो घरापर्यंत पोहोचल्यामुळे गप्प बसणे शक्य नाही.

सर्वांत आधी बिबट्याचे पाहू, कारण ही थाप हास्यास्पद आहे तितकीच घातकही आहे. बिबट्या आणि पाळीव मांजर यांच्या पूर्वजांच्या वाटा सुमारे १ कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. मांजरीचा गर्भकाळ जेमतेम ९ आठवड्यांचा, तर बिबट्याच्या मादीचा ३ महिन्यांहून अधिक असतो. नर बिबट्याचे वजन ५०-६० किलोपर्यंत सहज जाते, तर मांजरीचे ४-५ किलोंच्या आसपास राहते. काळा बिबट्या ही स्वतंत्र जातही नाही. तो गडद रंगाचा साधा बिबट्याच असतो आणि उन्हात त्याच्या अंगावरचे ठिपके दिसतात. राहिला प्रश्न दोघांच्या काळेपणाचा. २०१२ साली 'प्लॉस वन' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्याचा निकाल लावला आहे. काळा रंग दोन्ही प्राण्यांत एएसआयपी या एकाच जनुकातील बिघाडामुळे येतो, परंतु बिघाड एक नाही. पाळीव मांजराच्या या जनुकातील डीएनएची दोन अक्षरे गळलेली असतात, तर बिबट्यात दुसऱ्याच ठिकाणी एक अक्षर बदलल्याने प्रथिन अपुरे राहते. याचा अर्थ, हा रंग मांजराला बिबट्याकडून मिळालेला नाही. दोन्हीकडे तो स्वतंत्रपणे उद्भवला आहे.

नाशिक जिल्ह्यात ही थाप केवळ करमणुकीपुरती उरत नाही. निफाड, दिंडोरी, सिन्नर या भागांत उसाच्या फडात बिबट्याची मादी पिल्ले घालते आणि तोडणीच्या वेळी ती बछडी मजुरांच्या हाती लागतात. 'पाळले तर माणसाळते' हे वाक्य वाचलेला एखादा तरुण असे बछडे पिशवीत घालून घरी नेईल, याची मला खरोखर भीती वाटते. बछड्यांना हात न लावता, गर्दी न करता वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. वनकर्मचारी ती पिल्ले रात्री त्याच जागी ठेवतात आणि बहुतेक वेळा आई येऊन त्यांना घेऊन जाते. पिल्लू उचलून नेले तर चवताळलेली मादी त्याच वस्तीभोवती घिरट्या घालत राहते. शिवाय बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याला बाळगल्याबद्दल ३ ते ७ वर्षांचा कारावास होऊ शकतो.

आता या जातीचा खरा इतिहास. अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरात निकी हॉर्नर या मांजरपालक बाईंनी १९५० च्या दशकात गडद तपकिरी बर्मीज आणि काळी अमेरिकन शॉर्टहेअर या मांजरांच्या दोन जातींचा संकर सुरू केला. घरात ठेवता येईल असे, काळ्या बिबट्यासारखे दिसणारे मांजर त्यांना हवे होते आणि त्या बिबट्याच्या देशाची आठवण म्हणून त्यांनी बॉम्बे हे नाव निवडले. मांजरांच्या जातींची नोंदणी करणाऱ्या सीएफए या अमेरिकी संस्थेने १९७६ मध्ये या जातीला अजिंक्यपदाच्या स्पर्धेत स्थान दिले. मुंबईशी संबंध एवढ्या नावापुरताच आहे. आशियाशी दूरचे नाते आहे, हे मात्र मान्य करावे लागेल. बर्मीज जातीची मूळ मांजरी वाँग माऊ ही १९३० मध्ये ब्रह्मदेशातून सॅन फ्रान्सिस्कोला नेलेली होती. बर्मीजच्या तपकिरी रंगाच्या याच वारशामुळे दोन बॉम्बे मांजरांच्या पोटी आजही अधूनमधून तपकिरी पिल्लू जन्मते.

'कोणतेही काळे पिल्लू बॉम्बेच' या दाव्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. पंचवटीतल्या प्रत्येक गल्लीत काळी मांजरे आहेत. ती सुंदर आहेत, परंतु बॉम्बे नाहीत. खऱ्या बॉम्बेचा केस मुळापर्यंत काळा व आखूड असून त्याला पॉलिश केलेल्या चामड्यासारखी चकाकी असते, डोके गोलसर आणि डोळे सोनेरी ते तांबूस असतात. तरीही डोळ्यांनी खात्री पटत नाही. आईवडिलांच्या नोंदणीची वंशावळ हाच पुरावा आहे. ती मागितल्यावर विक्रेता विषय बदलत असेल, तर एक रुपयाही देऊ नये. ही जात माणसांच्या मागेमागे फिरणारी, अंगाला चिकटून बसणारी असते, असेही त्या संदेशात म्हटले आहे. तेवढे खरे आहे आणि तो गुण बर्मीजकडून आलेला आहे.

दूधभाताचा सल्ला मात्र सरळ अपाय करणारा आहे. मांजराच्या शरीरात टॉरिन हे अत्यावश्यक पोषकद्रव्य पुरेसे तयार होत नाही. ते मांस-मासळीतूनच मिळते आणि त्याच्या अभावी दृष्टी जाते, हृदयाचे स्नायू दुबळे होतात. गायीच्या दुधाने तर बहुतेक मोठ्या मांजरांना जुलाबच होतात. लसीचेही तसेच आहे. पॅनल्यूकोपेनिया हा विषाणूजन्य आजार लस न दिलेली पिल्ले काही दिवसांत मारतो; तेथे जात, रंग किंवा वंशावळ काहीही कामी येत नाही. पिल्लू विकतचे असो वा गल्लीतले, ६ ते ८ आठवड्यांचे होताच त्याला पशुवैद्याकडे न्यावे, दर ३-४ आठवड्यांनी पुढची मात्रा द्यावी आणि १२ आठवड्यांनंतर रेबीजची लस टोचून घ्यावी.