सोमवारची गाडी

अमेरिकेत एक जुना समज होता. सोमवारी किंवा शुक्रवारी बनलेली गाडी घेऊ नये. सोमवारी कामगारांची सुट्टीतली उतरलेली नसते आणि शुक्रवारी घरी पळायची घाई असते, म्हणून नट ढिले राहतात म्हणे. मी मिशिगनमध्ये नोकरीला लागलो तेव्हा निवृत्तीला आलेले लोक हे मला अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायचे. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या दारात तोवर जपानी गाडी आलेली होती, ही गोष्ट वेगळी.

परवा याच विषयावरून एका मित्राशी वाजलं. त्याचं म्हणणं सरळ आहे: युनियनने माज केला, संप केले, पगार वाढवून घेतले, गाड्या भंगार बनवल्या आणि जपान्यांनी बाजार खाल्ला. हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता एकदा सविस्तर लिहूनच टाकतो. माझ्या मते हा चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार आहे. (हे संन्यासीही अगदी निर्मोही नव्हते. त्यावर खाली येतोच.)

सुरुवात लॉर्डस्टाउनपासून करू. ओहायो राज्यातलं गाव. जनरल मोटर्सने इथे १९७० मध्ये शेव्हरोले व्हेगा बनवायला घेतली. छोटी, स्वस्त, जपानी आणि जर्मन गाड्यांना उत्तर म्हणून. गाड्या जोडायची लाइन ताशी १०० गाड्यांची बांधली होती. इतर कारखान्यांत तेव्हा ताशी साठच्या आसपास निघायच्या. ताशी १०० म्हणजे एका माणसासमोर एक गाडी फक्त ३६ सेकंद. ३६ सेकंदांत आपलं काम उरकायचं, पुढची आलीच. आठ तास.

१९७१ च्या अखेरीस कारखान्याचा कारभार कंपनीच्या जोडणी विभागाकडे गेला. या विभागाची ख्याती खर्च कापण्याची. त्यांनी शेकडो माणसं कमी केली आणि त्यांची कामं उरलेल्यांच्या अंगावर टाकली. लाइनचा वेग तोच. कामगारांचं सरासरी वय पंचविशीच्या आसपास, लांब केसांची व्हिएतनामच्या काळातली पोरं. ती काही बापासारखी मान खाली घालून राबणारी नव्हती. वेळेत जे बसेल तेवढं काम करायचं, उरलेलं तसंच पुढे सोडायचं, असं सुरू झालं. अर्धवट गाड्या बाहेरच्या आवारात साचल्या. कंपनी म्हणाली, हे घातपात करतात, सीट फाडतात, चाव्या कुलपात मोडून ठेवतात. युनियन म्हणाली, माणसं परत द्या, काम नीट होईल. मार्च १९७२ मध्ये संप झाला. संपाच्या बाजूने पडलेली मतं होती ९७ टक्के. आणि मुद्दा पगाराचा नव्हता, हे माझ्या मित्राला कितीदा सांगितलं तरी पटत नाही. मुद्दा त्या ३६ सेकंदांचा होता.

आता व्हेगा भंगार निघाली, हे शंभर टक्के खरं. पण कशाने निघाली? इंजिनचा ब्लॉक, म्हणजे मुख्य सांगाडा, अॅल्युमिनियमचा आणि सिलिंडरला आतून लोखंडी स्लीव्ह (नळकांडं) नाही. इंजिन तापलं की ब्लॉक वाकायचा, मग ऑइल जळायला लागायचं. पुढच्या मडगार्डांना आतून संरक्षक अस्तर नव्हतं, त्यामुळे ती दोन-तीन हिवाळ्यांत गंजून भोकं पडायची. यातलं कुठलं काम लाइनवरच्या पोराने बिघडवलं? स्लीव्ह घालायची नाही हे त्याने ठरवलं? अस्तर वाचवायचं हे त्याने ठरवलं? सीट फाडणारे असतीलही त्यात दहा-वीस. पण फाटलेल्या सीटमुळे इंजिन ऑइल पीत नाही.

या भांडणाचं मूळ आणखी मागे आहे. १९४५ च्या नोव्हेंबरात युनायटेड ऑटो वर्कर्स या मोटार कामगारांच्या युनियनने जनरल मोटर्समध्ये संप केला, तो ११३ दिवस चालला. वॉल्टर रूथर तेव्हा युनियनच्या जनरल मोटर्स विभागाचा प्रमुख होता. त्याची मागणी ऐकण्यासारखी आहे: पगार ३० टक्के वाढवा, पण गाडीची किंमत वाढवू नका, आणि परवडत नाही म्हणत असाल तर हिशेबाच्या वह्या उघडून दाखवा. कंपनी भडकली ती पगारापेक्षा वह्यांच्या मागणीने. धंदा कसा करायचा हे कामगार विचारणार? वह्या काही उघडल्या नाहीत. मग १९५० मध्ये पाच वर्षांचा मोठा करार झाला. त्याला ‘डेट्रॉइटचा तह’ म्हणतात (डेट्रॉइट म्हणजे मिशिगनमधलं गाड्यांच्या कंपन्यांचं शहर), आणि तह हाच शब्द बरोबर आहे. कामगाराला मिळालं पेन्शन, आरोग्यविम्यातला वाटा, महागाईप्रमाणे वाढणारा पगार. कंपनीला मिळाली पाच वर्षांची शांतता आणि एक निर्विवाद हक्क: काय बनवायचं, कुठे, कसं, किती वेगाने, ते आम्ही ठरवणार.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्या तहात कामगाराच्या हातांना उत्तम भाव मिळाला आणि त्याच भावात त्याचं तोंडही विकलं गेलं. वस्तूत खोट आहे हे सगळ्यात आधी कळतं ते जो तिला हात लावतो त्याला. त्यानेच बोलायचं नाही असं ठरलं की खोट पुढे जाणारच.

हे मी पुस्तकी बोलत नाहीये. मी सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला होतो. एकदा रात्रपाळीला एक जुना ऑपरेटर भाग हातात घेऊन म्हणाला, भोक सरकलंय. गेज (माप तपासायचं साधन) लावला, ओके. तो म्हणाला, गेज झिजलाय, माझा हात सांगतोय. मी सुपरवायझरला फोन केला. उत्तर आलं, ट्रक उभा आहे, गेज ओके दाखवतोय ना, मग जाऊ दे. म्हाताऱ्याने खांदे उडवले आणि पुढचा भाग उचलला. माल गेला. कागदावर सही माझी होती. तीन आठवड्यांनी तो सगळा माल परत आला, आणि बैठकीत पहिला प्रश्न काय आला असेल? त्या पाळीला ऑपरेटर कोण होता.

असो. आता ज्या कारखान्याबद्दल मला खरं बोलायचंय तो कॅलिफोर्नियातला, फ्रीमाँटचा. जनरल मोटर्सच्या कारखान्यांत हा सगळ्यात बदनाम. पाचातला एक माणूस कामावर यायचाच नाही. आत दारू, जुगार, तक्रारींचे ढीग. लाइन काही झालं तरी थांबवायची नाही हा नियम, त्यामुळे दरवाजा चुकीचा बसला तरी गाडी पुढे, मग आवारात रिवर्क, म्हणजे पुन्हा दुरुस्ती. १९८२ मध्ये कंपनीने कारखाना बंद केला.

१९८४ मध्ये तोच कारखाना टोयोटाबरोबर भागीदारीत पुन्हा उघडला. नाव नूमी. चालवणार टोयोटा. युनियन तीच ठेवली. नव्याने घेतलेल्या कामगारांत बहुतेक जुनेच, तेच बदनाम लोक. शेकडो जणांना जपानला नेऊन काम दाखवलं. कामाचे डझनावारी प्रकार मोडून मोजकेच ठेवले. आणि लाइनवर एक दोरी बांधली. काही चुकलं की कुणीही ओढायची. सुपरवायझर धावत येणार, ओरडायला नाही, मदतीला. मिटलं नाही तर लाइन थांबणार.

दोन-तीन वर्षांत एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजलं. शंभर गाड्यांमागे जोडणीतले दोष: जनरल मोटर्सच्या फ्रेमिंगहॅम कारखान्यात १३०, टोयोटाच्या जपानमधल्या ताकाओकात ४५, फ्रीमाँटमध्येही ४५. माणसं तीच, युनियन तीच. वेगळी होती ती दोरी, आणि ती ओढणाऱ्याची नोकरी जाणार नाही ही खात्री. पुढे विक्री घसरली तेव्हाही नूमीने कुणाला काढलं नाही. लाइन हळू चालवली आणि मोकळ्या माणसांना प्रशिक्षणाला बसवलं. (टोयोटाला हे शहाणपण उपजत नव्हतं बरं का. १९५० मध्ये तिथेही मोठी कपात झाली, कडवा संप झाला आणि संस्थापक किइचिरो टोयोडांना पायउतार व्हावं लागलं. कामगार कपातीची भीती त्यानंतर त्या कंपनीच्या हाडात भिनली.)

जनरल मोटर्सने मग आपल्याच दुसऱ्या कारखान्यांत दोऱ्या बांधल्या. ओढल्या की साहेब लाल. कारण साहेबांचा बोनस गाड्यांच्या आकड्यावर. दोरी विकत मिळते हो.

आता संन्याशांबद्दल. जॉब्ज बँक नावाचं एक प्रकरण १९८४ च्या करारात शिरलं. कामावरून कमी झालेल्याला जवळजवळ पूर्ण पगार, काम नसलं तरी. माणसं एका खोलीत बसून शब्दकोडी सोडवायची. हे २००९ पर्यंत चाललं, आणि याचं समर्थन मी करणार नाही. हे माझं काम, ते तुझं, म्हणून साधा बल्ब बदलायला वेगळा माणूस बोलवायचा, हेही झालं. पण ज्या युनियनला गाडीबद्दल बोलायचीच बंदी, ती पगार, पेन्शन आणि बल्ब यांशिवाय कशावर भांडणार?

आणि शेवटी पुन्हा लॉर्डस्टाउन. व्हेगानंतर अनेक वर्षांनी तिथे शेव्हरोले कोबाल्ट बनायला लागली. तिच्या इग्निशन स्विचची (चावी फिरवून गाडी सुरू करायचा तो) पकड ठरलेल्या मापापेक्षा ढिली होती. चावीला जड जुडगा असला, किंवा गुडघा लागला, तरी चालत्या गाडीत स्विच फिरायचा, इंजिन बंद, एअरबॅगही बंद. हा स्विच इंजिनिअरिंगने मंजूर केला होता. तक्रारी आल्यावर २००६ च्या सुमारास भाग गुपचूप बदलला, पण त्याचा पार्ट नंबर तोच ठेवला, म्हणजे जुना कुठला आणि नवा कुठला हे कळायची सोयच नाही. ज्याने कधी स्टोअरमध्ये काम केलंय त्याला या वाक्याने अंगावर काटा येईल. गाड्या परत बोलवायला २०१४ उजाडलं. कंपनीच्या भरपाई योजनेनेच १२४ मृत्यू मान्य केले. सरकारला ९० कोटी डॉलर भरले.

चाव्या मोडतात म्हणून १९७२ मध्ये बदनाम केलेल्या त्याच कारखान्यात हा स्विच गाडीत बसत होता. आराखड्याप्रमाणे, नंबरप्रमाणे, अगदी बरोबर बसत होता.

६ मार्च २०१९ ला लॉर्डस्टाउनमधून जनरल मोटर्सची शेवटची गाडी बाहेर पडली. बुधवार होता.