कूलरमध्ये पाणी कोण टाकणार

मे महिना, नागपूर, रात्रीचे साडेदहा, आणि आमचा कूलर खडखड करत नुसती गरम हवा फेकून राहिला होता. म्हणजे टाकी कोरडी. आता पाणी कोण टाकणार यावर आमच्या घरी लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यात जे सुरू झालं ते अकराव्यातही सुरूच आहे. जॉन गॉटमन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ म्हणतात की नवराबायकोतले जवळपास ६९ टक्के वाद कधी सुटतच नाहीत, जन्मभर तेच ते. हे वाचून मला लई बरं वाटलं होतं, आपण काही वेगळे नाही बाप्पा.

"काल मी टाकलं ना!"

"काल नाही, परवा. तेपण अर्धी टाकी."

अर्धी टाकी म्हटल्याबरोबर माझं डोकं सटकलं. गॉटमनसाहेबांच्या हिशेबानं भांडताना नाडी १०० च्या वर गेली की माणसाला समोरच्याचं धड ऐकूच येत नाही, म्हणून त्यांनी एकदा लॅबमध्ये भांडण मधेच थांबवून, मशीन नीट करायची आहे असं खोटंच सांगून, जोडप्यांना अर्धा तास मासिकं वाचायला बसवलं होतं आणि नंतर ती बरीच शांतपणे बोलली. मी पण जाहीर केलं, ब्रेक! आणि हाताला लागेल ते वाचायला घेतलं. ते निघालं विजेचं बिल. तिनं पण मान वाकडी करून आकडा वाचला, मग दुसरं भांडण सुरू झालं, आणि पहिलं तसंच राहिलं.

मग मी शेवटचं अस्त्र काढलं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचे संशोधक ब्रॅड बुशमन यांचा २०१४ चा प्रयोग: १०७ जोडपी, प्रत्येकाला जोडीदाराच्या नावाची एक बाहुली आणि ५१ पिना, रोज रात्री जितका राग तितक्या पिना टोचायच्या, असं २१ दिवस. ज्यांच्या रक्तातली साखर कमी, त्यांच्या पिना जास्त. "म्हणजे तू चिडली नाहीयेस, तू भुकेली आहेस," मी शक्य तितक्या प्रेमानं सांगितलं.

ती दोन सेकंद गप्प. मग म्हणे, "५१च काहून?"

मी गपचूप फ्रीज उघडला, संत्रा बर्फीचा डबा काढून तिच्यासमोर धरला. एक तुकडा, दुसरा, तिसरा. चेहरा खरंच निवळत चालला होता, बुशमनसाहेब जिंकले, असं मी मनात म्हणतोच आहे तर तिचा हात थांबला.

"हा डबा दादासाठी आणला होता ना? उद्या पुण्याला न्यायचा होता तो?"

मी उत्तर न देता बाल्टी उचलली. बाहेर खिडकीपाशी अंधारात टाकी भरत होतो, अर्धी बाल्टी चपलेवर सांडली, आतून डब्याचं झाकण वाजलं, चौथ्यांदा.

"वाळ्याच्या ताट्यांवर पण टाक रे!"