प्लॉझिबल म्हणजे खरे (गुण शून्य)

इंग्रजी शब्द शिकायचाय? एकदम सोपं आहे. त्याचा अर्थ एकाच मराठी शब्दात कोंबा. दोन शब्द लागले तर समजा, तुमचं चुकलं.

परवा माझ्या दहावीतल्या भाचीने क्लासच्या चाचणीत 'प्लॉझिबल'चा अर्थ लिहिला, 'खरं वाटण्याजोगं'. सरांनी लाल फुली मारून शेजारी लिहिलं, 'खरे'. गाइडात तसंच आहे. तुम्हीही तसंच पाठ करा.

शब्दकोश उघडू नका. उगाच कळेल, की हा शब्द लॅटिनमधल्या टाळ्या वाजवण्याच्या क्रियापदावरून आलाय. टाळी तर थापेलाही पडते, पण टाळ्यांना गुण कुठे असतात?

वाक्यात उपयोग तर मुळीच करू नका.

'क्रेडिबल' आणि 'क्रेड्युलस' एकच समजा, दिसायला सारखे आहेत ना! भरवशाचा साक्षीदार क्रेडिबल असतो, आणि 'आज रात्री तुमची वीज कापणार' असा मेसेज आल्या आल्या लिंक दाबणारे काका क्रेड्युलस, असले भेद करत बसलात तर पोर्शन कधी संपणार? 'इन्क्रेडिबल' २००२ पासून पर्यटनाच्या जाहिरातीत आहे, म्हणजे त्याचा अर्थ 'भारतातलं'. विश्वास बसू नये अशी गोष्ट इन्क्रेडिबल असते आणि ती ऐकून 'काय सांगता?' असा चेहरा करणारा माणूस इन्क्रेड्युलस, हे मी सरांना सांगायला गेलो तेव्हा त्यांचा चेहरा नेमका तसाच झाला होता.

म्हटलं, "सर, एखादा मुलगा उशिरा आला आणि म्हणाला, सायकल पंक्चर झाली. कारण प्लॉझिबल आहे. पण खरं आहे का?"

"बोर्डात असंच विचारतात."

काय विचारतात? अहो, आपण 'असेल बुवा' म्हणतो ना, ते प्लॉझिबल! 'असेल बुवा' म्हणताना आपण 'आहे' म्हणत नाही, मुद्दाम म्हणत नाही. घरातल्या आजीलाही कळतं हे. पोरीला स्वतःच्या भाषेत तो शब्द नेमका सापडला, आणि तुम्ही तो खोडलात. आता ती पुढच्या वेळी 'खरे' लिहिणार, गुण मिळवणार, आणि उद्या कुणी गोड बोलून गळ्यात काही मारलं की तेही खरंच मानणार.

वर्षाची फी आधी घेता ना? त्यातून एक बरा शब्दकोश आणा. गाइडात छापलंय म्हणून डोळे मिटून मानणाऱ्याला काय म्हणतात, ते त्यात 'सी'खाली सापडेल. आणि भाचीचा गुण परत द्या.