जंतू विकायचाय? मग फार खोलात शिरू नका

तर मंडळी, तुमच्या हाताला एक जंतू लागलाय. कुठून लागला ते जाऊ दे, एखाद्या जनावराच्या आतड्यातून नाहीतर मातीतून, प्लेटवर झकास वाढतोय, आता तो प्रोबायोटिक, म्हणजे तब्येतीला चांगला जिवंत जंतू, म्हणून माणसांच्या खाण्यात किंवा कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात घालून विकायचा एवढंच बाकी. मधे फक्त एक कटकट आहे, ती म्हणजे सेफ्टी. टेन्शन नको, हा लेख त्यासाठीच आहे.

सगळ्यात आधी पाकिटावर मोठ्या अक्षरात 'नैसर्गिक' छापून घ्या. अर्ध्या शंका तिथेच संपतात. कॉलराचा जंतूपण शंभर टक्के नैसर्गिकच की, पण हे कोण कशाला बोलून दाखवेल.

मग नाव. नुसतं 'लॅक्टोबॅसिलस', म्हणजे दह्यात वगैरे असणाऱ्या जंतूंचं खानदान, एवढंच लिहायचं आणि गप्प बसायचं. प्रजाती लिहिली की लोक स्ट्रेन, म्हणजे त्यातला नेमका वाण, विचारतात, स्ट्रेन लिहिला की त्याचा जीनोम, म्हणजे सगळ्या जीन्सची कुंडली, मागतात, जीनोम दिला की त्यात काय काय आहे ते वाचायला लागतात, म्हणजे सगळं मुसळ केरात. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी लॅक्टोबॅसिलस फोडून त्यातून २३ नवीन वंश काढले, त्या भानगडीत तर अजिबात पडू नका, जुनं नावच बरं, गिऱ्हाईक ओळखतं.

आता युरोपचा विषय. तिथली अन्नसुरक्षा संस्था एफ्सा, तिने २००७ मध्ये क्यूपीएस नावाची यादी आणली. ज्या प्रजातीबद्दल भरपूर माहिती आहे आणि वापराचा इतिहास स्वच्छ आहे तिला सुरक्षित धरून चालायचं, दरवेळी पहिल्यापासून सुरुवात नको. म्हणजे घराणं बघून पोराला पसंत केल्यासारखं. तुम्ही इथपर्यंतच वाचा! कारण पुढे ते म्हणतात की घराणं चांगलं असलं तरी या पोराच्या खिशात काय आहे ते दाखवा. आणि खिशात असतं काय, तर अँटिबायोटिकला दाद न देणारे जीन्स, तेही पुष्कळदा प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यांवर, ज्या आतड्यातल्या गर्दीत शेजारच्या जंतूला सहज देता येतात, आणि तो शेजारी उद्या आजार करणारा निघाला की डॉक्टरांच्या हातातलं एक औषध गेलं.

यात एक बारीक फरक आहे, कोणी विचारलंच तर तो गुंडाळून टाका. कितीतरी लॅक्टोबॅसिलस व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकला मुळातच दाद देत नाहीत, ती त्यांच्या पेशीच्या भिंतीची जन्मजात रचना आहे, दुसऱ्याला देता येत नाही, म्हणून त्याची कोणाला फारशी फिकीर नसते. फिकीर बाहेरून मिळवलेल्या जीन्सची असते. तुम्ही ठोकून द्यायचं, 'आमचं सगळं जन्मजात आहे.' काही लोक उगाच प्रामाणिकपणा करतात. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरीचा एक चांगला खपणारा स्ट्रेन होता, त्यात अशी दोन प्लास्मिड सापडली, एक टेट्रासायक्लिनला दाद न देणारं आणि एक लिंकोमायसिनला, दोन्ही अँटिबायोटिकच, तर त्यांनी ती काढून टाकून नवा स्ट्रेन तयार केला आणि तो विकायला घेतला. एवढे कष्ट कशाला?

खाद्याचं मार्केट तर सोन्याची खाण आहे. १ जानेवारी २००६ पासून युरोपात जनावरांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात अँटिबायोटिक घालायला बंदी आली आणि मोकळ्या झालेल्या जागेत जंतू विकणारे घुसले. त्यात बॅसिलस नावाचे जंतू बेस्ट, कारण त्यांचे बीजाणू, म्हणजे जाड कवचात झोपी गेलेलं रूप, गोळीखाद्य बनवतानाची उष्णता सोसतात. फक्त बॅसिलस टोयोनेन्सिसचं झालं तसं होऊ देऊ नका. कितीतरी वर्षं डुकरं, कोंबड्या, सशांच्या खाद्यात आरामात चालला होता, मग तपासताना टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉलला दाद न देणारे जीन्स निघाले, वर विष बनवायची क्षमताही, आणि २०१३ मध्ये युरोपने परवानगी स्थगित केली. बघा, तपासलं नसतं तर कळलंच नसतं!

म्हणूनच सांगतो, रक्त घातलेल्या अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, जंतू वाढवलात तर ती प्लेट उजेडासमोर धरू नका. जंतूंच्या ठिपक्याभोवती लालसर थर फाटून पारदर्शक कडं दिसलं तर त्याचा अर्थ तो रक्तपेशी फोडतोय, आणि एकदा दिसलेलं न दिसल्यासारखं करणं फार अवघड जातं. बॅसिलस ज्यात वाढवला ते द्रव गाळून पेशींवर टाकायची टेस्टही असते, पेशी मरतात का बघायला. पेशी बिचाऱ्या, त्यांना कशाला त्रास.

गोणी फोडताना उडणारी धूळ नाकात जाणाऱ्या कामगाराला ॲलर्जी होऊ शकते, हा मुद्दा 'मास्क वापरा' अशा बारीक अक्षरांत उरकून टाका.

'निरोगी माणसाला काही होत नाही' हे वाक्य पाठ करा, बऱ्यापैकी खरंही आहे. फक्त ते आजाऱ्यांनाही लावायचं. २००८ मध्ये नेदरलँड्समधला एक अभ्यास छापून आला, स्वादुपिंडाला जबरदस्त सूज आलेल्या पेशंटना सहा स्ट्रेनचं मिश्रण नळीतून दिलं. मिश्रण मिळालेल्या १५२ जणांपैकी २४ दगावले, प्लासिबो, म्हणजे जंतू नसलेलं नकली मिश्रण, मिळालेल्या १४४ पैकी ९. आणि सॅकरोमायसिस बुलार्डीचं यीस्ट? पेशंटच्या उशाशी नर्स सॅशे फोडते, बारीक भुकटी हवेत उडते, थोडी बोटांना लागते, तोच हात गळ्याजवळच्या सेंट्रल लाइनला, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीला, लागतो आणि यीस्ट थेट रक्तात. असे प्रकार झाल्यावर युरोपात सांगावं लागलं की सेंट्रल लाइनवाल्यांना, फार गंभीर पेशंटना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना हे देऊच नका. तुम्ही आपलं 'सर्वांसाठी उपयुक्त' छापा, सर्व म्हणजे सर्व.

पाकिटावर जिवंत जंतूंचा आकडापण मोठा हवा, कोटी वगैरे नको, अब्जच टाका, आणि तो पॅकिंगच्या दिवशीचा मोजा. एक्स्पायरीच्या दिवशी किती जिवंत उरतात ते मेलेले थोडेच सांगायला येणारेत.

शेवटचं काम मात्र विसरू नका. शहाणे लोक आपला स्ट्रेन कल्चर कलेक्शनमध्ये, म्हणजे जंतूंच्या बँकेत, जमा करतात, नंबर घेतात, प्रत्येक बॅचचा नमुना राखून ठेवतात. तुम्ही यातलं काहीही करू नका. कारण २०२३ मध्ये अमेरिकेत प्रोबायोटिक दिलेलं एक अपुऱ्या दिवसांचं बाळ रक्तातल्या इन्फेक्शनने गेलं, तेव्हा त्याच्या रक्तातल्या जंतूचा जीनोम आणि प्रॉडक्टमधल्या जंतूचा जीनोम शेजारी ठेवून बघितले, आणि ते जुळले. तुमच्याकडे नंबर नाही, नमुना नाही, बॅचचं रजिस्टर नाही, मग जुळवणार कशाशी? फार तर फ्रीजर उघडून दाखवा, त्यात आता दुसराच जंतू आहे, पाकिटावर नाव तेच.