हात वर केल्याने घास सुटत नाही

‘श्वासनलिकेवर एक झाकण असतं. घाईत जेवलं की ते उघडं राहतं आणि ठसका लागतो. अशा वेळी दोन्ही हात वर करा, वर बघा, पाणी प्या, अडकलेलं लगेच सुटतं. ठसका लागत नसेल तर गिळणं उत्तम आहे असं समजा.’ या आशयाचे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरत आहेत. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण यातल्या काही गोष्टी जिवावर बेतू शकतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ते झाकण. एपिग्लॉटिस नावाची कूर्चेची पाकळी जिभेच्या मुळाशी असते आणि गिळताना ती मागे कलते, हे खरं. पण श्वासमार्ग राखण्याचं काम तिच्या एकटीचं नाही. कंठमण्यावर बोट ठेवा आणि आवंढा गिळा. कंठमणी झटकन वर जातो आणि पुन्हा खाली येतो. त्या जेमतेम सेकंदभरात टाळूचा मागचा मऊ भाग उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते. अख्खं स्वरयंत्र वर आणि पुढे, जिभेच्या मुळाखाली सरकतं. आत दोन्ही स्वरतंतू एकमेकांना घट्ट भिडतात, त्यांच्यावरच्या घड्याही मिटतात. श्वास थांबतो, गिळता गिळता श्वास आत घेऊन बघा, जमणार नाही. स्वरयंत्र पुढे सरकल्यामुळेच मागे अन्ननलिकेचं एरवी मिटलेलं तोंड ताणून उघडतं आणि घास तिकडे जातो. गिळून झाल्यावर बहुतेक वेळा आपण आधी श्वास सोडतो, त्यामुळे दारात राहिलेला कणही बाहेर ढकलला जातो.

कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत ज्यांचं एपिग्लॉटिस काढावं लागतं, त्यांच्यातले अनेक जण पुन्हा तोंडाने जेवू लागतात. स्पीच थेरपिस्ट त्यांना शिकवतात: श्वास घट्ट रोखा, गिळा, श्वास आत न घेता लगेच खोका, पुन्हा गिळा. सगळी भिस्त एका झाकणावर असती तर हे शक्य झालं नसतं. घाईत खाऊ नये, तोंडात घास असताना बोलू-हसू नये, हा घरातल्या मोठ्यांचा सल्ला मात्र पूर्ण बरोबर. बोलायला-हसायला श्वास लागतो आणि तेवढ्यासाठी वाट उघडी राहते.

आता हात वर करणं आणि ‘वर बघ, वर बघ’. हात वर केल्याने अडकलेली वस्तू निघते याला आधार नाही. ठसका बहुतेक वेळा खोकल्यानेच थांबतो आणि श्रेय हातांना मिळतं. मान मागे टाकली की श्वासमार्ग मोकळा होतो. बेशुद्ध माणसाला श्वास देताना हनुवटी वर उचलतात ती त्याचसाठी. घशात घास असताना नेमकं हेच नको असतं. ज्याला खोकता येतंय त्याला पुढे वाकून जोरात खोकू द्या. डोक्यावर थापटण्याने काही होत नाही.

पाणीही लगेच नको. ते घासापेक्षा वेगाने घसरतं, आणि वाट बंद झालेली असेल तर जायला जागाच नसते.

आवाज फुटत नाही, खोकला येत नाही, ओठ निळे पडू लागलेत, तर मात्र क्षणही दवडू नका. माणसाला पुढे वाकवा, एका हाताने छातीला आधार द्या आणि दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये तळहाताच्या टाचेने, म्हणजे मनगटालगतच्या भागाने, पाच जोरदार दणके द्या. नाही सुटलं तर मागे उभं राहून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर असे पाच झटके द्या. आळीपाळीने हे चालू ठेवा, दुसऱ्या कुणाला १०८ ला फोन करायला सांगा. गरोदर बाईच्या पोटावर झटके देऊ नका, छातीवर द्या. एक वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली असं धरून पाठीवर पाच थापा आणि मग उताणं करून छातीवर पाच दाब. पोटावर कधीच नाही. घशात आंधळेपणाने बोट घालू नका, वस्तू आणखी खाली जाते. शुद्ध हरपली तर सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन करायचा प्रथमोपचार, सुरू करा. लहान मुलांना शेंगदाणे-फुटाणे देताना तर फारच जपा. दाढा नसल्याने ते नीट चावले जात नाहीत आणि अख्खा दाणा थेट फुप्फुसाच्या नळीत जाऊन बसतो.

‘ठसका नाही म्हणजे सगळं ठीक’ हे वाक्य मला सर्वांत घातक वाटतं. ठसका हा पहारा आहे. पक्षाघात किंवा पार्किन्सन्समध्ये घशाची संवेदना मंदावली की पाणी, लाळ, वरण गुपचूप श्वासनलिकेत उतरतं आणि माणूस खोकतही नाही. काही दिवसांनी ताप येतो, दम लागतो, न्यूमोनिया निघतो. घरात मात्र ‘आजोबा छान जेवतात’ असंच सगळे म्हणत असतात. जेवल्यावर आवाज ओला, घोगरा होणं, घास गालात राहणं, जेवायला फार वेळ लागणं, वारंवार छाती भरणं, या खुणा बघा. अशा रुग्णाला झोपवून भरवू नका, ताठ बसवा. आणि पक्षाघातानंतर पाण्याचा पहिला चमचाही देण्याआधी, गिळण्याची तपासणी झाली आहे का, हे वॉर्डातल्या डॉक्टरांना किंवा सिस्टरना विचारा.